मी पोचवलेला नकार

मंगळवार, १२ ऑगस्ट

काल लिहिलं ते चुकलं. धाकट्या सोनीला कबड्डीसाठी अंबडला जायला पप्पांनी नाही म्हटलंच नव्हतं. ते म्हणाले होते, “तिला इचार, यायला किती वाजतील.” मीच आत येऊन सांगितलं, “पप्पा न्हाई म्हून राह्यले.”

“तू नुसती टपालवाली!” म्हणत सोनी रडली.

त्या प्रश्नाचा मी नकार का केला? मी नववीत गेले तसे पप्पा माझ्याशी आईमार्फत बोलायला लागले. आता नववीतल्या सोनीशी माझ्यामार्फत. तिच्या सायकलची हवा मात्र रोज सकाळी स्वतः बघतात. हवा बघताना त्यांना तिच्याशी काय बोलावंसं वाटत असेल?

गुरुवारी संघाची नावं जाणार. सोनीला खरं सांगायचं आणि पप्पा सायकलपाशी बसले की तिला एकटीलाच अंगणात पाठवायचं. उद्या, बुधवारी सकाळी.