पुढचं चित्र

बाबा,

हे पत्र तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवणार आहे. तुम्ही गेल्यापासून तुमचा तेवढाच पत्ता उरलाय.

काल आत्या आली होती. तुमचा आवाज ऐकायचाय म्हणाली, म्हणून मी घेतलेल्या तुमच्या स्मरणचाचणीची टेप लावली. वीस चित्रं दाखवून मी नावं विचारली होती आणि तुमच्या प्रत्येक उत्तरापुढे शून्य मांडलं होतं. मला वाटलं, तुम्ही काहीतरी असंबद्ध बोलताय. आत्या मात्र डोळे पुसत हसली. "अगं, सगळी बरोबर सांगतोय की दादा! आमच्या आईच्या भाषेत."

ती भाषा तुम्ही घरात कधी तोंडातून काढली नाहीत. शाळेत पोरीची जीभ अडखळायला नको, म्हणायचात. आणि उशिरा शिकलेली भाषा म्हातारपणी आधी निसटू शकते, हे मी विद्यार्थ्यांना इतकी वर्षं घसा फोडून शिकवतेय! स्वतःच्या बापापुढे बसले आणि अक्कल गहाण ठेवली.

चाचणी घेणाऱ्याने मान हलवायची नाही, हसायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, हा आमचा नियम. मी तो चोख पाळला.

बाराव्या चित्रानंतर तुम्ही हळूच काहीतरी विचारलंत. तिथे आत्याने टेप थांबवली. काय ते सांगेना. फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "विचारतोय, बाळा, माझ्यावर रागावलीस का? माझ्याशी बोलत का नाहीस?"

मी टेप पुन्हा लावली. तुमचा प्रश्न संपतो, बाबा. मग माझा आवाज येतो, अगदी नियमाप्रमाणे.

"पुढचं चित्र."

तुमची
बडबडी