आप्पा, उद्या पिस्तूल बदलून आणायचंय

नोव्हाय, मिशिगन
ऑक्टोबर २००७

प्रिय आप्पा,

'तीर्थरूप' लिहिलं नाही म्हणून रागावू नका. तसं लिहिलं की पुढे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, सगळं ओळीने येतं आणि मग खरं काही लिहिताच येत नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होऊन गेलं. वर्षभरात तुमच्या ठमीने तुमच्यासाठी एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय ती कशाबद्दल? पिस्तुलाबद्दल! हसा तुम्ही.

सईच्या पोहण्याच्या क्लासबाहेर गाडीत बसलेय. घरी लिहवेना. उद्या सकाळी समीर आणि मी दुकानात जाणार आहोत, आमचं जुन्या पद्धतीचं पिस्तूल देऊन नव्या पद्धतीचं आणायला. नवा परवानासुद्धा त्याने पोलीस स्टेशनातून आणून ठेवलाय. आणि मला भीती वाटतेय आप्पा. समीरला अजून सांगितलेलं नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते.

तुम्ही म्हणाल, ठमे, पाल दिसली की खुर्चीवर चढणारी तू, तुझ्या घरात पिस्तूल आलंच कसं?

चोरी झाली हो. उन्हाळ्यात, भर दुपारी. समीर ओहायोच्या प्लँटवर होता. इथल्या मोटार कंपनीने ले-ऑफ दिल्यापासून तो सोमवारी जातो आणि गुरुवारी येतो. मी ऑफिसात, सई समर कॅम्पला. चोर गॅरेजमधून आत आले. टीव्हीला हात लावला नाही, लॅपटॉपला हात लावला नाही, सरळ स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा उपडा केला! देशी घरात सोनं कुठे असतं हे त्या मेल्यांना कुणी शिकवलं? आईच्या पाटल्या गेल्या. घरभर तांदूळ पसरला होता आणि त्यावर बुटाचे ठसे.

पोलीस आला, तरुण मुलगा, फार सभ्य. त्याने विचारलं, गॅरेजचं दार उघडायचा कोड किती जणांना माहीत आहे? मी बोटांवर मोजायला लागले. कुलकर्णी काकू, पोळ्या देणाऱ्या मावशी, कारपूलवाल्या दोघी, गणपतीचं मखर आमच्याकडे ठेवायला येणारी मंडळातली पोरं... त्याने लिहायचंच थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. आता त्याला काय समजावू? आपल्यात बेल वाजवून येणं म्हणजे परकेपणा, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

समीरने त्याच दिवशी कोड बदलला. आणि त्याच संध्याकाळी मी कुलकर्णी काकूंना फोन करून नवा कोड सांगून टाकला. अहो, काकू म्हणजे घरच्याच! मुलाकडे म्हणून आल्या आणि आमच्याच गल्लीत राहिल्या. सईला बसवरून त्याच घेतात. त्यांना कसं म्हणणार की बेल वाजवा?

तेव्हापासून माझं काही खरं नव्हतं. फ्रिजमधला बर्फ खाली पडला तरी मी दचकायची. आंघोळीला जाताना बाथरूमचं दार उघडं ठेवायची, म्हणजे खालचा आवाज ऐकू येईल. समीर ओहायोहून फोन करायचा आणि मी रडायची. शेवटी तोच म्हणाला, "वैशू, आता ग्रीन कार्ड आलंय, आपल्याला घेता येतं. घेऊन टाकू यार."

दुकान म्हणजे आपल्याकडचं भांड्यांचं दुकान कसं असतं, तसं. काचेखाली ओळीने मांडलेली पिस्तुलं. लग्नाचा आहेर घ्यायला यावं तशी माणसं वाकून बघत होती. दुकानदाराने आमच्यापुढे दोन ठेवली. एकाच कंपनीची, एकाच मापाची. एक क्लासिक, एक मॉडर्न. क्लासिक म्हणजे सगळं पोलाद, लाकडी मूठ, मागे ताणायचा घोडा आणि अंगठ्यापाशी सेफ्टीची कळ. कळ वर असली की चाप हलतच नाही. मॉडर्न म्हणजे काळं प्लॅस्टिक, हलकं, गोळ्या जास्त, खाली टॉर्च लावायला खाच, आणि बाहेरून कळच नाही. उचललं, चाप ओढला, सुटली गोळी. दुकानदार म्हणाला, यात विसरण्यासारखं काही नाही. समीरला तेच पटलं.

मी जुनं उचललं आणि माझ्या हाताला तुम्ही आठवलात! तुमचं सर्व्हिस पिस्तूल हुबेहूब तसंच होतं. सोलापूरच्या क्वार्टरमधल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. खंडेनवमीला तुम्ही ते रिकामं करून पाटावर ठेवायचा, आणि आई कुंकवाचा करंडा घेऊन आली की केवढ्यांदा ओरडायचा, "अगं, फूल वाह फक्त! कुंकू आत गेलं तर पुसत कोण बसणार, आमचे साहेब?" मग आई मुद्दाम झेंडूचं सगळ्यात मोठं फूल त्याच्यावर ठेवायची, इतकं की खालचं पिस्तूल दिसायचंच नाही. मी तिथे दुकानात उभी राहून हसले, आणि लगेच डोळे भरून आले. समीरला म्हटलं, हेच घ्यायचं. तो म्हणाला, अगं ही काय साडी आहे का? पण घेतलं त्याने.

चूक तिथे झाली का, आप्पा? तुम्ही हवे होतात म्हणून मी पिस्तूल घेतलं का?

नेमबाजी शिकायला रेंजवर जायला लागलो. दर वेळी माझं एकच. दोन्ही हातांनी धरायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा, आणि काहीच नाही! सेफ्टी खाली करायला विसरलेली असायची. शिकवणारा डोक्याला हात लावायचा. समीर आधी हसला, मग चिडला. "चोर काय थांबणार आहे का तुझ्यासाठी? मॉडर्नच घ्यायला हवं होतं." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मीच म्हटलं, ठीक आहे, बदलून आणू.

आता बुधवारचं सांगते.

सर्दीने डोकं दुखत होतं म्हणून घरून काम करत होते. समीर ओहायोला. तो नसला की पिस्तूल पेटीतून काढून उशाशी ठेवायची मला सवय लागली होती, भरलेलं, घोडा ताणलेला, सेफ्टी वर. दुपार झाली नव्हती अजून. इतक्यात खाली गॅरेजचं दार घरघरलं.

आप्पा, त्या वेळी कुणी यायचंच नव्हतं. सईची बस दुपारी येते. माझे कान बंद झाल्यासारखे झाले. पिस्तूल घेऊन मी जिना उतरले, कशी उतरले ते आठवत नाही, आणि गॅरेजच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिले. दाराची मूठ फिरली. दार उघडलं. काळं जॅकेट, डोक्यावर टोपडं ओढलेलं, आणि ते माणूस खाली वाकलेलं. मला वाटलं काहीतरी काढतोय.

मी चाप ओढला.

ओढला, आप्पा. नुसता धरला नाही. सगळा जीव बोटात आणून ओढला.

तो हलला नाही. सेफ्टी वर होती.

ते वाकलेलं माणूस म्हणजे कुलकर्णी काकू. मुलाचं जॅकेट घालून आल्या होत्या आणि दारात वाकून बूट काढत होत्या. या देशात आपल्याशिवाय दुसरं कोण दारात वाकून बूट काढतं? त्यांनी मान वर करायच्या आत मी पिस्तूल मळक्या कपड्यांच्या बास्केटमध्ये टॉवेलखाली खुपसलं.

"अगं, घरीच आहेस होय! बरं झालं बाई. आज शाळा हाफ डे होती, विसरलीस ना? आणि हे साबुदाण्याचे वडे, गरम आहेत तोवर खा. केवढी घामेजलीयस! ताप आहे का?"

काकूंना काहीच दिसलं नाही. पण त्यांच्या मागे, त्यांचं बोट धरून, सई उभी होती. ती वाकलेली नव्हती. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

काकू गेल्यावर ती म्हणाली, "आई, वॉज दॅट लाइक आजोबाज गन?" तुम्ही इथे आला होतात तेव्हा तिला गोष्टी सांगायचात ना पोलिसांच्या, त्या तिने सगळ्या लक्षात ठेवल्यात. मी म्हटलं, हो. आणि मग म्हटलं, बाबाला सांगायचं नाही हं.

आठ वर्षांच्या पोरीला मी हे सांगितलं!

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे तुमचा क्वार्टरचा व्हरांडा येतो. तुम्ही ड्यूटीवरून आलात की आम्ही धावत सुटायचो आणि तुम्ही बाहेरूनच खेकसायचात, "थांबा तिथेच!" मग भिंतीकडे तोंड करून मॅगझिन काढायचं, नळी बघायची, पुन्हा एकदा बघायची, आणि मगच आत. केवढा राग यायचा मला तुमचा! बाकीच्या मुलींचे वडील त्यांना दारातच उचलून घ्यायचे. मला वाटायचं, आमचे आप्पा घरीसुद्धा फौजदारच. आता कळतंय की तुम्हीही घाबरत होता. चोरांना नाही. आम्ही धावत येतो, याला!

मग सांगितलं का नाहीत कधी? मिशा पिळत, "पोलिसाला कसली भीती" म्हणत राहिलात. एकदा तरी म्हणायचं होतं, ठमे, हे घरात असलं की मला झोप लागत नाही. फोनवर आपण काय बोलायचो, तर हवा कशी आहे आणि फोनच्या कार्डावरची किती मिनिटं राहिलीत! शेवटच्या फोनला तर मीच म्हटलं, आप्पा, मीटिंग आहे, रविवारी बोलू. तो रविवार आलाच नाही, आणि मी विमानातून उतरेपर्यंत तुम्हाला नेलंही होतं. दादाने थांबायला हवं होतं, असं मी भांडले त्याच्याशी. पण कुणाकुणाशी भांडू?

बुधवारी माझ्या हातात नवं पिस्तूल असतं तर? एवढा एकच प्रश्न मला जेवू देत नाही. वड्यांचा डबा घेऊन आलेली म्हातारी दारात पडली असती. आणि तिच्या मागे, गोळी जाते त्याच रेषेत... नाही लिहवत. समीर उद्या तेच आणायचं म्हणतोय, माझ्या काळजीपोटी म्हणतोय, आणि मी मान डोलावलीय. जुनं ठेवलं तर ते चोराला अडवत नाही. नवं आणलं तर मला अडवणारं कुणी नाही. कुठलं निवडू?

तरी मी गप्पच बसले असते. खरंच सांगते. विसरून जाऊ म्हणत होते. पण काल सई शाळेतून आली, काकूंनी तिला कोपऱ्यावर सोडलं, आणि तिने बेल वाजवली. स्वतःच्या घराची बेल! मी दार उघडलं तर ही पायरीवरून मागे जाऊन उभी. आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हणाली, "इट्स मी, आई."

आप्पा, माझी पोरगी मला भिते.

म्हणून हे पत्र. तुम्हाला शब्द देते. समीर आज घरी आहे. इथून गेल्यावर आधी सईला जवळ बसवून सांगणार की बाबाला सांगू नको म्हटलं ते आईचं चुकलं, तुला हवं ते, हवं त्याला सांग. मग समीरला सगळं सांगणार. चाप ओढला हेसुद्धा. तो काय बोलेल माहीत नाही, बोलू दे. काकूंच्या घरी जाऊन त्यांनाही सांगणार. कदाचित परत येणार नाहीत त्या. त्यांचा हक्क आहे.

आणि उद्या दुकानात जाऊ, पण बदलून आणायला नाही. देऊन यायला. जुनं नाही, नवं नाही. दारांना चांगली कुलपं लावू, अलार्म बसवू, आणि तरीही समीर ओहायोला गेला की मला भीती वाटणारच आहे, हे मला पक्कं माहीत आहे. चोराची भीती वाटली तर मी सईला कुशीत घेऊन पडून राहीन. पण बुधवारपासून मला माझ्याच हाताची भीती वाटतेय, आणि तो हात तिच्या अंगावरून फिरवायचा आहे मला, रोज.

क्लास सुटला. ओल्या केसांनी येतेय बघा तुमची नात. गाडीतून उतरते, तिला दोन्ही हात दिसू देत.

तुमचीच,
ठमी