सहाशे वर्षांच्या भिक्षूची बायको

दिनांक: २० मे २०१२

प्रति,
मा. संचालक श्री. फेंग,
सांस्कृतिक वारसा कार्यालय,
नानल्यांग जिल्हा, हबेई प्रांत

विषय: भिक्षूंच्या समाधीफलकावर त्यांच्या पत्नीचे नाव घालणेबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे सर्व अर्ज (एक नकार सोडता सर्व अनुत्तरित).

महोदय,

१. मी शीलिऊ गावचा, इतिहासाचा निवृत्त शिक्षक. आमच्या गावच्या काठीयुद्धाचा इतिहास लिहिण्याचे काम आपणच मला दिले होते. या विषयात कागद मिळत नाहीत, मिळतात त्या दंतकथा. ज्याचा त्याचा मूळपुरुष कुठल्यातरी डोंगरावरचा भिक्षूच निघतो. तरीही म्हाताऱ्यांचे उंबरे झिजवून मी खरे ते लिहिले: ही विद्या माझे वडील यान शौथ्येन यांनी बसवली. निम्मी पहारेकऱ्यांकडून उचलली, निम्मी फिरत्या नाटकमंडळीतल्या कोलांट्या मारणाऱ्यांकडून.

२. त्यावर मला बसा असेही न म्हणता आपण म्हणालात, "मास्तर, तुमचे वडील टोफू विकायचे. टोफूवाल्याचं थडगं बघायला बस करून कोण येणार?" पुढे वडिलांच्या थडग्यावरचा दगड 'साफसफाईसाठी' उचलला गेला आणि तिथे सहाशे वर्षांपूर्वीच्या आद्यगुरू भिक्षूंचा संगमरवरी फलक उभा राहिला. आपल्या पर्यटन पुस्तिकेत आधार म्हणून नाव माझेच छापले आहे. ही शुद्ध दरोडेखोरी आहे, असे माझे नम्र मत आहे.

३. छिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या सणाला, वडिलांचे थडगे झाडायला गेलो, तर रखवालदाराने हटकले. भिक्षूंना वंशज नसतात, असे तो मलाच शिकवू लागला. आई अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत. ती म्हणाली, "भिक्षू होता होय? मग तुम्ही पाच भावंडं काय मठात झालात?" वडिलांना पुरले तेव्हाच शेजारी तिची जागा विटांनी बांधून ठेवली होती; आमच्यात नवराबायको एकत्रच असतात.

४. गेल्या महिन्यात आई वारली. तिच्या अस्थी वडिलांशेजारी पुरायची परवानगी मागितली, तर पूज्य भिक्षूंच्या शेजारी स्त्रीचे दफन अशोभनीय ठरेल, असे आपण कळवलेत. ब्रह्मचाऱ्याने बायकोपुरती जागा कशाला राखून ठेवली, हे आपल्या एकाही तज्ज्ञाला विचारावेसे वाटले नाही?

५. आज सकाळी आम्ही भावंडांनी अख्ख्या गावादेखत आईच्या अस्थी तिथे ठेवल्या. उकरायच्या असतील तर कुदळ घेऊन आपण स्वतः यावे. वडिलांनी काठी शिकवलेली माणसे गावात अजून पुष्कळ आहेत. नपेक्षा फलकावर एक ओळ वाढवावी: 'पत्नी: च्याओ लानश्यांग'. दगड आपला असेल, नवरा तिचा आहे.

सोबत: वडिलांच्या मूळ दगडाचा फोटो (दगड आपल्या गोदामात आहे).

आपला, आता फारसा नम्र न उरलेला,
(सही)
यान बिंगवेन
भिक्षूंचा थोरला मुलगा