पंखा आनू का तुले?

बाई, तुम्ही आम्हाले चौथीले शिकवलं आन तुम्हाले देवाघरी जाऊनही आता लय वर्सं झाली. तरी हे तुम्हालेच लिहून राह्यली, कारन दुसऱ्या कोनापुढं माही मान खाली जात नाही. माहे मालक वारले तवा बाया म्हनल्या, आता हिचं तोंड बंद होईन. कायचं बंद होते! ज्याची थट्टा करत होती तोच गेला, मंग सारं गाव माह्या तावडीत सापडलं.

यंदा ग्रामपंचायतीची निवडनूक झाली. सरपंचपद बाईसाठी राखीव. गावातल्या शिकलेल्यांनी ठरवलं का तिघी उमेदवारनींनी शाळेच्या ओट्यावर बसाचं आन गावानं सवाल विचाराचे. जळगाव जामोदहून एक बातमीवाला आला, मोबाईल तिपाईवर लावला, म्हने सारं लाईव्ह दिसते. दोघींचे नवरे मागं खुर्च्या टाकून बसलेले. सवाल बाईले, जवाब नवऱ्याचा. तिसरी एकटीच. आमच्या गल्लीत शिलाई मशीन चालवते, मले काकू म्हनते. बचत गटाच्या बायांनी पयला सवाल माह्याकडं देला होता का आपल्या गल्लीत नळाले पानी काऊन येत नाही. मी विचारला. पयले तीच उठली. हातात कागद, आन तो कागद असा थरथरे! तेवढ्यात मोबाईल माह्याकडं वळलेला दिसला. मी म्हनलं, "अवं, कागद काऊन हलवून राह्यली? उकडून राह्यलं का? पंखा आनू का तुले?"

सारं गाव हसलं. तीबी हसली. मंग कागदात कुठवर आली होती तेच तिले सापडेना, आन खाली बसली. त्या दोघींचे नवरे "पानी देऊ, पानी देऊ" म्हनून मोकळे झाले. कसं देनार, हे कोनी विचारलं नाही. मीबी नाही.

बातमीवाल्यानं घंटाभराच्या सभेतून तेवढाच तुकडा कापून मोबाईलवर फिरवला. नांदुऱ्याहून बहिनीचा फोन आला, "बाप्पा, तू तं मोठी नटी झाली वं!" मले लय गोड वाटलं, खरं सांगते. पन लोक तिले पंखावाली म्हनाले लागले. ती काय बोलनार होती, हे कोनालेच नको होतं.

बाई, शनवारी तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात आयाबायांले पेपर वाचून दाखवत होत्या. वाचून झाल्यावर विचारत होत्या, "आता सांगा, यात काय सांगायचं राहिलं?" एकदा मी एका अडखळत वाचनाऱ्या पोरीची नक्कल केली, तवा तुम्ही मले तुमच्या खोलीवर नेलं. तुम्ही भाकर थापून राह्यल्या, मी चुलीपाशी, आता मार बसते म्हनून आंग चोरून. तुम्ही गरम भाकर माह्या हातात देली आन म्हनल्या, "तुला बोलता येतं गं. म्हणून दुसऱ्याचं बोलणं खाऊ नकोस." मी भाकर तेवढी खाल्ली.

निवडनुकीत ती पडली. चार दिसांनी मी तिच्या घरी गेली, माफी मागाले. ती ब्लाऊजले हुक लावून राह्यली होती. तिनं मशीनच्या खनातून तोच कागद काढून देला. कोनत्या घरी किती हंडे पानी येते, नळाचा व्हाल कुठं बंद करतात, नवा पाइप कुठून न्यावा, सारं घरोघर फिरून लिहिलेलं. "काकू, पानी तुम्हीच विचारसान, मले माहीत होतं. तीन दिवस पाठ केलं होतं." रागानं बोलली असती तं बरं झालं असतं.

आन मी काय म्हनलं? "चहात साखर हाय का निवडनुकीतच वाटून टाकली?" ती हसली. माफी तशीच राह्यली.

हे पत्र कुठं धाडनार? नातीच्या हाती लागलं तं तेबी मोबाईलवर टाकंन. पन आता सांगतेच. निंघता निंघता ती म्हने, "गल्लीतलं एक मत तं पक्कं होतं काकू, तुमचं." बाई, मी मतदानाच्या मशीनपुढं उभी राह्यली तवा मले वाटलं, हिले तं सारं गाव हसते, ही काय निवडून येते, कायले मत वाया घालू? मी दुसरीचं बटन दाबलं.

तिले मी म्हनलं, "हाव वं, तुलेच देलं."