जंगलाला शिस्त लावताना

७ ऑगस्ट, संध्याकाळ
राष्ट्रीय उद्यानात पोहोचलो. खोली कुबट, उशा ओल्या. मॅनेजरला झापलं. म्हणाला, बाई, हे पावसाचं जंगल, इथे सगळंच ओलं. म्हटलं, तुमची अक्कल तेवढी कोरडी राहिलेली दिसते. धाकटी बहीण मॅनेजरला सॉरी म्हणाली. सवयच आहे तिला.

तिचे यजमान गेल्यापासून तीही एकटी. तिने माझ्याकडेच राहायचं, हे मी ठरवलं आहे. ती म्हणते, ताई, आधी चार दिवस एकत्र काढून बघू, मग सांगते. सांगायचं काय त्यात? तिची खोली मी रंगवूनसुद्धा घेतली. एकट्या घरात घास घशाखाली उतरत नाही. म्हणजे तिच्या.

संकल्प : चार दिवस तिच्यावर ओरडायचं नाही.

८ ऑगस्ट, सकाळ
ओरडले. कारण रास्त होतं. आखूड मोजे घालून आली, पोटरीला जळू चिकटली. नखं कापायच्या कात्रीने मी जळूचे दोन तुकडे केले. तिच्या कातडीचाही एक निघाला. किती ते किंचाळणं! गाईड म्हणाला, मीठ टाकलं असतं तर आपोआप सुटली असती. म्हटलं, मग आतापर्यंत काय मिठाची गुळणी धरून बसला होतात?

दुपार
वाटेत पाटी. धाकटीने मोठ्याने वाचली : माकडांच्या नजरेला नजर देऊ नये. असल्या पाट्या लेच्यापेच्यांसाठी. कॉन्व्हेंटात मदर सुपीरियरच्या एका नजरेने आमचा अख्खा वर्ग गार पडायचा. पुढे शाळेत सुपरवायझर म्हणून मीही तीच नजर वापरली. मुलं सोडा, मास्तरसुद्धा चळाचळा कापत.

झाडाखाली दोन नर माकडांची जुंपली होती. एकाचा गाल फाटून लोंबत होता, दुसऱ्याचं बोट तुटलेलं. सगळे फोटो काढत उभे. मी पुढे होऊन 'सायलेन्स!' म्हटलं आणि रोखून पाहिलं. मारामारी तत्काळ बंद. दोघेही माझ्या अंगावर आले. छत्री एकाच्या पाठीत मोडली, टोपी दुसऱ्याने फाडली, गाईडचं मनगट मधल्यामध्ये ओरबाडलं गेलं. पण भांडण मिटलं की नाही?

धाकटी न जेवताच झोपायला गेली. माझ्या धाडसाने भारावली असावी.

९ ऑगस्ट
उजव्या हाताला पट्टी, काल मोडक्या छत्रीची काडी लागली. अक्षर वाईट येतं आहे.

पाणवठ्याजवळ टोळीचा म्होरक्या बसला होता. दांडगा, एका कानाचा. गाईड म्हणाला, मॅडम, खाली बघा. धाकटी म्हणाली, ताई, तुझ्या पाया पडते, खाली बघ. मी बघितलं, त्याच्या डोळ्यांत. त्याने दात दाखवले. वाटलं, ओशाळला. हसून माफी मागतो आहे.

त्याने झेप घेतली तेव्हा मी चष्मा उचलायला वाकले होते. चष्मा नाकावरच होता, हे नंतर कळलं. धाकटी मागेच उभी. त्याने तिच्या दंडाचा लचका तोडला. मी स्टीलच्या थर्मासने त्याला बदडलं. एक फटका धाकटीच्या भुवईला लागला. तिने मान हलवली नसती तर माकडालाच बसला असता. रक्त इतकं, की कुठलं कोणी काढलं ते सांगता येईना.

जीपमध्ये तिला समजावलं, माझ्याकडे राहायला आलीस की तुझी हीच गडबडण्याची सवय आधी घालवू. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

१० ऑगस्ट, हॉस्पिटल
दंडाला टाके, भुवईला टाके, रेबीजची इंजेक्शनं. धाकटी शांत पडून आहे. मी तिला सांगितलं, खोलीला फिकट निळा दिला आहे, तुला आवडेल. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

नर्स आली. मला बाहेर बसायला सांगितलं, पेशंटच्या घरचंच माणूस आत थांबू शकतं म्हणाली. मी धाकटीकडे बोट दाखवलं, म्हटलं, विचारा तिला. नर्सने विचारलं, या कोण तुमच्या?

धाकटी म्हणाली, कोणी नाही. जीपमध्ये शेजारी बसल्या होत्या.

तापात बरळत असणार. मी कपाळाला हात लावून पाहिला.

कपाळ थंडगार होतं.