दादाची ओ

३ नोव्हेंबर
ठरलं. समोरच्या डोंगरावरून दादा बेलाईदने एकदा ओ दिली, की त्याच दिवशी दरी उतरून त्याच्याकडे जायचं. आधी मी जाणार नाही; भांडण ज्या अंजिराच्या झाडावरून, ते त्याने तोडलं, मी नाही. म्हणे आजारी आहे. सर्दी असेल.

६ नोव्हेंबर
दुपारी हाक दिली. उत्तर नाही. अडेल आहे मेला.

१५ नोव्हेंबर
मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर, व्हिडिओ बघत बघत, आवाजाच्या प्रवासाचं मॉडेल केलं. जन्मभर वायरमन होतो, डोकं अजून चालतं. निकाल: दुपारी जमीन तापते, आवाज वर वळतो, पलीकडे पोचतच नाही. म्हणजे अडेल हवा आहे, दादा नाही. दोन वाट्या कुसकुस जास्त खाल्ला.

१६ नोव्हेंबर, पहाट
आता थंड हवा खाली, उबदार वर. मॉडेलप्रमाणे हाक वाकून थेट दादाच्या अंगणात. दिली. सगळं शांत. बायको, जेजिगा, अगदी जवळ येऊन म्हणाली, "अहो, दिली की ओ भावजींनी! निघा आता." हिचं मन लोण्याचं, नसलेलंही ऐकते. शिवाय हल्ली पुटपुटते फार.

२० नोव्हेंबर
पाववाल्याने हॉर्न वाजवणं सोडलंय. जेजिगा म्हणते, वाजवतो. दोघांची मिलीभगत.

२९ नोव्हेंबर
जुरजुराच्या शिखरांवर बर्फ. मॉडेलमध्ये ऑलिव्हची झाडं, दमटपणा, सगळं घातलं. वारा नसेल तर जायची वाट तीच यायची. माझी हाक पोचते, त्याची येत नाही, म्हणजे तो देतच नाही. गणित आहे, रुसवा नाही. जेवलो नाही.

२ डिसेंबर
जेजिगा कानाशी ओरडली, "जाऊबाईंचा फोन होता! खाट खिडकीशी ओढून घेतलीय भावजींनी. रोज पहाटे तुम्हाला 'अक्ली, ये रे' म्हणतात. मलाही ऐकू येतं!"
म्हटलं, "मॉडेलमध्ये बसत नाही."
"मग तुमचे कान बसवा त्यात!"
बसवलेत. ऐकणारा कान: ठणठणीत.
उद्या पुन्हा बघू. हवा अजून स्थिर हवी.

५ डिसेंबर, पहाट
वारा शून्य. याहून चांगली हवा मिळणार नाही. हाक दिली. काही नाही. जेजिगाकडे पाहिलं. आज ती "दिली की ओ" म्हणाली नाही. शालीत तोंड खुपसून बसली. आज तिला आणि मला सारखंच ऐकू आलं.
मग कानाशी येऊन तिने सांगितलं, फोन आला होता: दादा रात्रीच गेला.
दरी उतरायला निघालोय.