वळणावरची घूं घूं

दि. ४ मार्च

अहो यांस, सा. न. वि. वि.

वन्सं, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार. मोठ्याने वाचा आणि माझं काही गाळू नका.

आता परत या. दोन वर्षं झाली. यांना धुरातून हलवा, असं डॉक्टर म्हणाले, मी हलवलं. बहिणीकडे डोंगरावर तुमची छाती सुधारली, छान झालं. पण आता इथला धूरच गेलाय. आपल्या लाँड्रीशेजारच्या पार्सलवाल्यांनी जुने टेंपो मोडीत काढून सगळ्या बॅटरीच्या गाड्या आणल्या. बसही तसल्याच. पूर्वी गच्चीत वाळत घातलेली चादर संध्याकाळपर्यंत काळवंडायची, पुन्हा धुवावी लागायची. परवा एक विसरून दोरीवरच राहिली, तरी पांढरी. मी नाक लावून हुंगली. नुसता साबण. रडू आलं मला. मला म्हणजे मला!

एकच कटकट होती. त्या गाड्या हळू चालल्या की मुद्दाम घूं घूं करतात. दिवसभर कुणीतरी कण्हतंय असं वाटतं. तुम्ही शांत जागेतून येणार, त्यात तुमचे कान तिखट, कसं सहन व्हायचं? गेले आणि पार्सलवाल्यांच्या मुकादमाला झापलं. माझ्या तोंडाला घाबरून त्याने सगळ्यांचा आवाज बंद करवला. आता रस्ता कसा गप्प आहे! खुर्च्या विणायचा तुमचा वेत खिडकीपाशी काढून ठेवलाय. कधी निघताय ते कळवा.

वाट बघून वैतागलेली,
तुमची लाँड्रीवाली


दि. १५ मार्च

चि. सौ. भावजयीस अ. उ. आ.

शब्दन् शब्द वाचला. चादरीपाशी त्याने थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग घूं घूं आली आणि चेहराच उतरला त्याचा.

तो म्हणतो, अगं वेडे, ती गाडी माझ्यासाठीच कण्हत होती. मला दिसत नाही हे इतक्या वर्षांच्या संसारात तू विसरून गेलीस, याचं बरंच वाटलं. पण जुना टेंपो मला वळणाआधी कळायचा, माझ्यासारखाच खोकत यायचा. ही गप्प आली तर अंगावर आल्यावरच कळणार. मग दाराबाहेर पाय कसा टाकू? खोलीत कोंडून बसायला येऊ का? त्यापेक्षा इथे बरा.

म्हणतो खरा. पण सकाळपासून पिशवी भरतोय नि रिकामी करतोय. विचारलं तर माझ्यावर डाफरतो. इथे त्याला सगळे जपतात, ओरडत कुणीच नाही, म्हणून करमत नाही त्याला.

लोभ असावा, त्याच्यावर जरा जास्त.
तुझी नणंद


दि. २६ मार्च

अहो यांस, सा. न.

माझी अक्कल चरायला गेली होती. पत्र वाचलं तशी चप्पल अडकवून मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, बंद करा म्हणून तुम्हीच बोंबललात ना? म्हटलं, हो, आता चालू करा म्हणून बोंबलतेय. माझ्या माणसाला रस्ता ऐकून ओलांडायचा असतो. मान खाली घालून म्हणाला, बाई, हे आधी नाही का सांगायचं? लगेच चालू करवला.

पण माझा कुणावर विश्वास नाही. भर दुपारी डोळ्यांवर उशीचा अभ्रा बांधून कडेला उभी राहिले. लोक हसले, हसोत. आधी काहीच कळेना. तुम्ही रोज असे उभे राहायचात आणि मी आतून ओरडायचे, किती तो वेळ! मग डावीकडून घूं घूं आली. थांबले. ती गेली. पाऊल टाकलं, तर एक सायकलवाला सरळ कुशीत शिरला. गुडघा सोलला माझा. त्याचं काय केलं ते विचारू नका.

तेव्हा खोटं सांगत नाही. धूर गेला, गाडी ऐकू येते, सायकल येत नाही. ओलांडताना माझा हात धरावा लागेल. लग्न झालं तेव्हा चारचौघांत हात धरला की झटकायचात. आता झटकून बघा.

वन्सं, रविवारच्या बसमध्ये यांना बसवून द्या. पिशवी पुन्हा रिकामी करू देऊ नका.

मी स्टँडवर असेन. हाक मारणार नाही, एक शब्द बोलणार नाही. नुसता हात धरीन. ओळखलात तर घरी नेईन.

लोभ करा, नाहीतर करायला लावीन.
तुमचीच